पहाटेचं गुलाबी शिखर फोटोत यायला एवढा उशीर का झाला?

मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ डिग्रीत भाजून निघतं तेव्हा आपल्याकडची बरीच पोरं हिमालयात ट्रेकला पळतात, आणि मग स्टेटसला तेच फोटो, वर गुलाबी शिखर अन् खाली बर्फात चढणाऱ्यांची रांग. भारीच दिसतं, पण असा फोटो कित्येक दशकं निघतच नव्हता.

१८६० च्या आसपास फोटो म्हणजे ओल्या काचेचा कारभार. काचेवर कोलोडियन (चिकट रासायनिक द्रव) ओता, चांदीच्या द्रावणात बुडवा, ओली आहे तोवर फोटो घ्या आणि लगेच तंबूत डेव्हलप करा. अजिंठ्याचे सुरुवातीचे फोटो काढणारा मेजर रॉबर्ट गिल त्याच काळातला (त्याची कबर भुसावळला आहे, कितीतरी भुसावळकरांनाच माहीत नसेल). आपल्या उन्हात काच वाळायची भीती, तर बर्फात धुवायला पाणीच नाही. १८६१ मध्ये फ्रेंच फोटोग्राफर ऑग्युस्त बिसाँ आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या माथ्यावर गेला तो २५ हमाल घेऊन, आणि बर्फ वितळवून काचा धुतल्या. १८६६ मध्ये ब्रिटिश फोटोग्राफर सॅम्युअल बोर्नने तर हिमालयातल्या मनिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर फोटो घेतले.

पण खरी गोम वेगळीच होती. या काचेला निळा उजेड कळायचा, लाल जवळपास नाहीच, म्हणजे पहाटेची लाली तिच्या लेखी अंधारच. त्यात एक्सपोजर, म्हणजे काचेवर उजेड पाडायचा वेळ, काही सेकंदांचं, मग चढणारा माणूस पुतळ्यासारखा उभा पाहिजे नाहीतर धूसर. म्हणून जुन्या फोटोंत सगळे पोज देऊन थांबलेले दिसतात.

नंतर आधीच लेप लावून ठेवलेल्या कोरड्या काचा आल्या, इटालियन फोटोग्राफर व्हित्तोरिओ सेल्लाने १९०९ मध्ये के-टूचे जबरदस्त फोटो काढले, पण तेही ब्लॅक अँड व्हाइट. १९३६ मध्ये ३५ एमएमची कोडॅक्रोम ही कलर फिल्म आली आणि रंग खिशात मावायला लागला. १९५३ ला एव्हरेस्टवर हिलरीने कलर फिल्मचा कॅमेरा गारठू नये म्हणून शर्टाच्या आत ठेवला होता, तेनझिंगचा तो फेमस फोटो त्यातलाच, मात्र सकाळी साडेअकराचा.

आता गिर्यारोहक बहुतेक मध्यरात्रीच निघतात, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि दुपारी ढग-वारा येतो, त्यामुळे उजाडताना माणूस आपोआप उंचावर असतो. बॅटरी मात्र अजूनही आतल्या खिशातच ठेवावी लागते, आणि ऑटोवर बर्फ करडा येतो म्हणून एक्सपोजर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवावं लागतं.