आजीच्या हातावरचा वण

कोल्हापुरात साठी ओलांडलेल्या कुणाचाही हात पाहा, एक-दोन वाटोळे वण बहुधा सापडतीलच. 'देवी काढल्या होत्या,' असं आजी सांगते. रोगाचं नाव देवी, आणि लस टोचणं म्हणजेही देवी काढणं. विज्ञानाच्या तासाला मुलं देवीच्या लसीचा शोध म्हणून 'जेन्नर, १७९६' पाठ करतात, पण तो वण त्याच धड्यातला आहे हे त्यांना कळायला हवं.

जेन्नरची लस मुंबईला पोचायला सहा वर्षं लागली. दोऱ्यावर वाळवून पाठवलेली लस लांबच्या प्रवासात, उन्हात निकामी व्हायची. शेवटी एका हातावरच्या फोडातला द्रव दुसऱ्या हातावर टोचत ती बगदादमार्गे बसऱ्याला आली आणि तिथून जहाजानं मुंबईला. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला ती टोचली, मग तिच्या हातावरून इतर मुलांना. बर्फाची पेटी नव्हती तेव्हा लस पोरांच्या अंगातच जिवंत ठेवली जाई. कुणाच्या पोराच्या, आणि त्याच्या आईबापांना विचारलं होतं का, हे प्रश्नही त्याच धड्यातले.

प्लेगच्या साथीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी त्याच लसीच्या एका दूषित बाटलीमुळे धनुर्वात होऊन १९ जण दगावले. हे मुलांपासून लपवू नये. बाटलीगणिक तपासणी का लागते, ते यातूनच समजतं.

विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज एकत्र शिकवण्याची पद्धत परदेशी शाळांत १९७०-८०च्या दशकांत रुजली. आपल्याकडे १९७२ पासून मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शाळांत मुलं प्रयोग करून शिकू लागली. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडायला सांगितलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम आली. ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांसाठीची ही लस शाळाशाळांतून टोचली गेली.

शीतसाखळी, म्हणजे कारखान्यापासून टोचेपर्यंत लस थंड ठेवण्याची व्यवस्था, म्हटलं की मुलांना फक्त उष्णतेचा धोका आठवतो. लस २ ते ८ अंशांत ठेवतात, पण धनुर्वाताची किंवा पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र) लस गोठली तरीही वाया जाते. त्यांत लसीचा परिणाम वाढवणारे ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते गोठल्यावर बिघडतात. १९२६ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लसीत तुरटी वापरली, तिथून ही रीत सुरू झाली. गोठल्यानं काय बिघडतं, हे वर्गात दाखवता येतं. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम तुरटी विरघळवा, सुमारे ३ ग्रॅम खायचा सोडा थोडा थोडा घाला. फेस उसळतो, म्हणून भांडं मोठं घ्या. फेस पूर्ण थांबेपर्यंत झाकण लावू नका, नाहीतर वायूनं बाटली फुगते. पांढरा, मऊ गाळ तयार होतो. तो दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत अर्धा अर्धा भरा. काचेची बाटली बर्फानं तडकते. त्यातली एक बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी पूर्ण वितळू द्या. मग दोन्ही सारख्या हलवून शेजारी ठेवा. गोठलेल्या बाटलीतला गाळ रवाळ होऊन भराभर तळाशी बसतो, दुसरी बराच वेळ दुधाळ राहते. आरोग्य केंद्रात संशयित बाटलीची परीक्षा याच तत्त्वावर, मुद्दाम गोठवलेल्या बाटलीशेजारी ठेवून करतात.