इंच वेगळे, पिक्सेल वेगळे: लहान लॅपटॉपची स्क्रीन निवडताना

दुकानात ‘चौदा इंची, फुल एचडी’ असं एका दमात सांगतात आणि ऐकणाऱ्याला ती एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात. मग घरी आल्यावर अक्षरं बारीक दिसली की रिझोल्यूशनला दोष दिला जातो, आणि एक्सेलच्या ओळी कमी मावल्या की पुढच्या वेळी ‘जास्त रिझोल्यूशनचा घेऊ’ असं ठरतं. बहुतेकदा दोन्ही वेळा बोट चुकीच्या जागी ठेवलेलं असतं.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. सारवलेला चौकोन म्हणजे स्क्रीनचे इंच. त्यात पंधरा ओळींत पंधरा ठिपके काढायचे की तीस ओळींत तीस, हे झालं रिझोल्यूशन. स्क्रीनवरच्या या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ठिपके दुप्पट केल्याने अंगण वाढत नाही. ठिपके जवळ येतात आणि वळणं गोलसर उतरतात, इतकंच. हा जवळपणा मोजायचं माप म्हणजे पीपीआय, एका इंचात बसणारे पिक्सेल. जाहिरातीत तो आकडा क्वचितच असतो, पण घरबसल्या काढता येतो. आडव्या पिक्सेलचा वर्ग, अधिक उभ्या पिक्सेलचा वर्ग, त्या बेरजेचं वर्गमूळ, भागिले स्क्रीनचे इंच. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल. त्यांचं वर्गमूळ असं काढलं की येतं सुमारे २२०३. चौदाने भागलं की १५७. तेच १४ इंचांवर १३६६ × ७६८ असेल तर फक्त ११२.

आधी इंचांचं बघू. इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात आणि तिथेच फसगत होते. १६:९ प्रमाणाची (रुंदी १६ भाग, उंची ९ भाग) १४ इंची स्क्रीन ३१ सेंटिमीटर रुंद आणि १७.४ सेंटिमीटर उंच असते. १६:१० प्रमाणाची १३.३ इंची स्क्रीन २८.६ रुंद, पण १७.९ उंच. म्हणजे ‘लहान’ म्हणून विकली जाणारी स्क्रीन उंचीला ‘मोठी’पेक्षा सरस ठरते. वाचन, लेखन, कोड, हिशेब ही सगळी कामं वरून खाली जाणारी असल्यामुळे लहान लॅपटॉपमध्ये १६:१० किंवा ३:२ प्रमाण आधी बघावं, इंच नंतर. बॅगेत मावतो का, हे तर स्क्रीनच्या इंचांवरून कळतच नाही. काचेभोवतीची पट्टी जाड असेल तर १३.३ इंची जुना लॅपटॉप नव्या १४ इंचीएवढाच भरतो. त्यासाठी बॉडीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये वाचायची.

आता पिक्सेल. ६/६ नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. पन्नास सेंटिमीटरवरून हे अंतर ०.१४५ मिलिमीटर होतं. १४ इंची १३६६ × ७६८ स्क्रीनचा एक पिक्सेल ०.२२७ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तिरक्या रेघेच्या पायऱ्या दिसतात. फुल एचडीवर तो ०.१६१ चा होतो, म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळ. १३.३ इंचांवर २५६० × १६०० असेल तर ०.११२. त्याहून बारीक गेल्यास फरक असतो, पण तो शोधून बघावा लागतो.

मराठी वाचणाऱ्याला हा हिशेब जास्त लागू पडतो. स्केल म्हणजे अक्षरं आणि खिडक्या किती मोठ्या दाखवायच्या, याचं विंडोजमधलं टक्केवारीचं सेटिंग. ११ पॉइंटचा मजकूर १०० टक्के स्केलवर जेमतेम १५ पिक्सेल उंचीत बसवला जातो. रोमन अक्षराला तेवढी जागा पुरते. आपल्याकडे त्याच उंचीत शिरोरेषा, वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार असं सगळं कोंबायचं असतं. ‘शुद्ध’मधला द्ध आणि ‘विद्वान’मधला द्व शेजारी ठेवून पाहा. द च्या खाली लटकलेल्या ध आणि व यांच्यात एका चिमुकल्या वळणाचाच फरक आहे, आणि त्या वळणाच्या वाट्याला दोन-तीन पिक्सेल येतात. ११२ पीपीआयवर ते वळण भरून जातं आणि वाचणारा अंदाजाने पुढे सरकतो. दीडपट स्केलवर तेच अक्षर २२ पिक्सेलांत काढलं जातं आणि गाठ उघडी दिसते. प्रूफं वाचणाऱ्याने किंवा दिवसभर मराठी टाइप करणाऱ्याने १३६६ × ७६८ च्या वाटेला जाऊच नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

खरा गोंधळ मात्र ‘किती मावतं’ यावर होतो. मावणारी जागा म्हणजे पिक्सेल भागिले स्केल. १४ इंची फुल एचडीवर विंडोज १२५ टक्क्यांवर ठेवलं तर हाताशी येतात १५३६ × ८६४. आता १३.३ इंची फोर-के घ्या, ३८४० × २१६०. अक्षरं वाचता यावीत म्हणून तिथे २५० टक्के ठेवावे लागतात. भागाकार करा, पुन्हा तेच १५३६ × ८६४. चौपट पिक्सेलचे पैसे मोजूनही एक्सेलची एक ओळ जास्त मिळत नाही. त्याउलट १४ इंची १९२० × १२०० ला १२५ टक्क्यांवर १५३६ × ९६० मिळतात. एक्सेलची साधी ओळ सुमारे २० पिक्सेलची धरली तर जवळजवळ पाच ओळी वाढल्या, आणि त्या वाढल्या स्क्रीनच्या उंचीमुळे. इंच आणि प्रमाण मिळून काचेचं क्षेत्रफळ ठरतं. स्केल ठरवतं की त्या क्षेत्रफळात मोठी थोडी अक्षरं हवीत की लहान पुष्कळ. रिझोल्यूशनच्या हातात उरतो तो फक्त सुबकपणा.

स्केल निवडताना पीपीआयला त्यानेच भागून बघा. १५७ ला १.२५ ने भागलं की १२६. हातभर अंतरावरून ११० ते १३० च्या दरम्यान बहुतेकांना बरं वाटतं. चाळिशी लागलेल्यांनी सरळ १५० टक्के घ्यावेत, उत्तर येतं १०५. पण मग जागा उरते १२८० × ७२०, आणि दोन खिडक्या शेजारी मांडल्या तर प्रत्येकीला ६४० पिक्सेल. इतक्या अरुंद खिडकीत पुष्कळशा वेबसाइट मोबाइलसारखी मांडणी दाखवतात. अशा वेळी उपाय इंच वाढवण्याचा आहे, पिक्सेल वाढवण्याचा नाही.

सगळ्यांत जास्त होणारी चूक इथलीच. अक्षरं बारीक वाटली की लोक सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १३६६ × ७६८ करतात. अक्षरं मोठी होतात खरी, पण धुरकट. काचेवरचे पिक्सेल १९२० च राहतात. १३६६ चं चित्र त्यांच्यावर ताणायचं म्हणजे प्रत्येक ठिपका १.४ ठिपक्यांवर पसरवायचा, आणि अर्धामुर्धा ठिपका पेटवता येत नाही. म्हणून कडा करड्या होतात, डोळे चुरचुरतात. करायचं ते असं: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले उघडा. डिस्प्ले रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ लिहिलेल्या आकड्यावरच ठेवा आणि त्याच्या वरचं स्केल बदला. नंतर एकदा साइन आउट करून परत या, म्हणजे आधीपासून उघडे असलेले प्रोग्रॅमही नव्या मापात येतील. एखादा जुना हिशेबाचा किंवा डीटीपीचा प्रोग्रॅम तरीही धुरकट दिसला, तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज इथे जाऊन खालच्या खुणेच्या चौकटीत टिक करा आणि ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा. प्रत्येक प्रोग्रॅमला हे लागू पडत नाही, पण करून बघण्यात काही जात नाही.

फोर-केची दुसरी किंमत बॅटरीत मोजावी लागते. फुल एचडीत २०.७ लाख पिक्सेल, फोर-केत ८२.९ लाख. प्रत्येक पिक्सेलभोवतीचं वायरिंग थोडा प्रकाश अडवतं, त्यामुळे पिक्सेल दाटले की तेवढ्याच उजेडासाठी मागचा दिवा जास्त जाळावा लागतो. ग्राफिक्सचं काम वाढतं ते वेगळंच. लहान लॅपटॉपमध्ये बॅटरीही लहान, तेव्हा हे जाणवतं. तेवढेच पैसे ३०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) किंवा अधिक उजेडाच्या आयपीएस पॅनेलवर, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणाऱ्या स्क्रीनवर, घालणं शहाणपणाचं. २५० निट्सची स्क्रीन दुपारी खिडकीशेजारी फिकी पडते आणि मग तिचे पिक्सेल किती, याला अर्थ उरत नाही.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जिथे टेबलावर उघडं पुस्तक, वही आणि लॅपटॉप एकत्र मांडायचे असतात, तिथे १६:१० ची १३.३ इंची स्क्रीन १९२० × १२०० किंवा २५६० × १६०० मध्ये चपखल बसते. हिंजवडीला रोज ये-जा करणाऱ्याला ऑफिसात बहुधा मोठा मॉनिटर मिळतो, त्यामुळे पाठीवरचं वजन कमी ठेवावं. फक्त एक लक्षात असू द्या. २४ इंची फुल एचडी मॉनिटर ९२ पीपीआयचा, तो १०० टक्क्यांवर राहणार आणि लॅपटॉप १२५ किंवा १५० वर. खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढली की जुने प्रोग्रॅम अंधुक होतात. ज्या स्क्रीनवर काम करायचं ती डिस्प्ले सेटिंगमध्ये मुख्य (मेन डिस्प्ले) करून ते बंद करून पुन्हा उघडले की बहुतेकदा नीट दिसतात. घरात एकच यंत्र आणि त्यावरच हिशेब, मराठी टायपिंग, मुलांचा अभ्यास असेल तर १४ इंच, १९२० × १२००. याच्या खाली उतरू नये, वर जायची फारशी गरज नाही.

जुन्या लॅपटॉपच्या बाजारात १२.५ आणि १४ इंची चांगली यंत्रं १३६६ × ७६८ पॅनेलसह मिळतात आणि ‘नंतर फुल एचडी बसवून घ्या’ असं सांगितलं जातं. पुष्कळदा ते जमतं. पण पॅनेलच्या मागचं कनेक्टर ३० पिनचं आहे की ४० पिनचं, हे आधी बघावं लागतं. पिन जुळूनही केबलमध्ये सिग्नलची एकच जोडी जोडलेली असेल तर फुल एचडी चालत नाही. पडदा काळा राहतो किंवा लुकलुकतो, आणि पॅनेल खराब निघालं असं वाटतं. तेव्हा केबलही बदलावी लागते. पॅनेलला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, हेही जुळायला हवं. कारागिराला मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. बॅटरीची जोडणी काढून, स्क्रीन उघडून, पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरचा क्रमांक वाचायचा आणि त्यावरून नवीन मागवायचं.

नवीन घेताना दुकानात दहा मिनिटं बसून बघा, उभ्याने नको. उभं राहिलं की अंतर वाढतं आणि प्रत्येक स्क्रीन रेखीव वाटते. आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही लॅपटॉपचं स्केल बघा. एक १५० वर आणि दुसरा १२५ वर ठेवलेला असेल तर तुलना फुकट जाते. मग कोऱ्या पानावर निर्मला फाँटमध्ये, ११ पॉइंटला ‘शुद्ध, विद्वान, उद्देश, श्रेष्ठ, कार्यकर्त्यांनी’ एवढे शब्द टाइप करा आणि हातभर अंतरावरून वाचा. पुढे न वाकता द्ध आणि द्व वेगळे दिसले की पिक्सेल पुरेसे आहेत. त्यानंतर तुमची नेहमीची एक्सेलची फाइल उघडून ओळी मोजा. त्या अपुऱ्या पडल्या तर इंच किंवा प्रमाण बदला. आणि बिलावर मॉडेलचं नुसतं नाव न लिहिता पूर्ण क्रमांक लिहून घ्या, कारण एकाच नावाखाली २५० आणि ४०० निट्सची, १९२० आणि २८८० पिक्सेलची पॅनेलं विकली जातात आणि खोक्यावरच्या त्या शेवटच्या चार-पाच अक्षरांतच ती वेगळी ओळखता येतात.