रील-टू-रील रेकॉर्डरवरील टेपची असमान गुंडाळी

रिळावर टेपचे वेढे एका पातळीत न बसता वरखाली बसणे, म्हणजे असमान गुंडाळी. नीट गुंडाळलेले रीळ बाजूने पाहिले तर टेपच्या कडांचा पृष्ठभाग एकसंध आणि गुळगुळीत दिसतो. बिघडलेल्या गुंडाळीवर पायऱ्या दिसतात, एखादा वेढा सुटून बाहेर डोकावतो किंवा सगळा पृष्ठभाग लाटांसारखा होतो. दोष वरवरचा वाटला तरी खरे नुकसान साठवणीत होते. बाहेर आलेला वेढा रिळाच्या चकतीखाली (गुंडाळीला वरखालून झाकणाऱ्या गोल पत्र्याखाली) दबतो आणि त्याची कड कायमची दुमडते. चार ट्रॅकच्या स्टीरिओ टेपवर कडेचे दोन ट्रॅक, म्हणजे पहिला आणि चौथा, हे अनुक्रमे एका आणि दुसऱ्या बाजूचे डावे चॅनल असतात. म्हणून अशा टेपवर आधी डावा आवाज मधूनमधून दबतो, उजवा मात्र ठीक राहतो. असे ऐकू आले तर हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) संशय घेण्याआधी टेपची कड भिंगाखाली पाहावी.

गुंडाळीवरून निदान

पहिला प्रश्न: ही गुंडाळी कोणत्या वेगात झाली? फास्ट फॉरवर्ड किंवा रिवाइंडमध्ये टेप सेकंदाला काही मीटर वेगाने धावते आणि वेढ्यांमध्ये हवा अडकते. हवेच्या त्या पातळ थरावर वेढे तरंगतात, बसताना इकडेतिकडे सरकतात. पाठीमागे मॅट काळा लेप असलेल्या टेपवर हवेला वाट मिळते आणि स्थिर विद्युतही निघून जाते. गुळगुळीत, चकचकीत पाठीच्या टेपवर यातले काहीच होत नाही. त्यामुळे लेप नसलेली टेप फक्त जलद गुंडाळीत विस्कटत असेल आणि प्लेमध्ये नीट बसत असेल, तर मशीन उघडण्याचे कारण नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटायला हव्यात.

प्लेमध्येही गुंडाळी विस्कटत असेल तर तिचा आकार बघावा. टेप सतत एकाच चकतीला घासत असेल, तर रिळाची उंची चुकली आहे. प्रत्येक फेऱ्याला एकदा घासण्याचा आवाज येत असेल, तर चकती वाकलेली आहे किंवा रीळ जिच्यावर बसते ती खालची फिरती बैठक डगमगते. आतला भाग सपाट पण बाहेरचा सैल असेल तर ताण कमी पडतो आहे. एकाच ठिकाणी पायरी असेल तर तिथे टेपचा जोड वाकडा आहे का, की तिथे मशीन थांबवले होते, हे तपासावे. वेढ्यांमध्ये खिडकीसारखी फट आणि तिच्यात चुणी पडलेली टेप दिसली, तर आतला सैल भाग वरच्या ताणाने घसरला आहे. ही सर्वांत वाईट अवस्था.

त्यानंतर रिळांची अदलाबदल करावी. दोष रिळाबरोबर गेला तर रीळ बदलावे. जागेवरच राहिला तर मशीन तपासावे. रिकामे रीळ हाताने फिरवून चकतीची कड पेन्सिलीच्या स्थिर टोकाजवळून जाऊ द्यावी. मधले अंतर कमीजास्त होत असेल तर चकती वाकलेली आहे. प्लास्टिकची चकती उष्णतेने वाकते, धातूची चकती पाडल्याने.

रिळाची उंची

नवे-जुने, प्लास्टिक-धातू अशी रिळे मिसळून वापरणाऱ्यांना हा दोष हमखास भेटतो, कारण खालच्या चकतीची जाडी सगळ्यांची सारखी नसते. साडेदहा इंची रिळांसाठी लागणारे हब अडॅप्टर (रिळाचे मधले मोठे भोक दांड्यावर बसवणारे तुकडे) नीट आवळले नसतील तरी रीळ तिरके बसते. आधी ते बघावे, मग पुढे जावे.

प्ले चालू करून विजेरी टेपच्या पातळीवर धरावी आणि टेप रिळात शिरते ती जागा बाजूने पाहावी. वरच्या आणि खालच्या चकतीपासून टेपचे अंतर सारखे दिसले पाहिजे. टेप देणाऱ्या रिळाच्या आणि ती घेणाऱ्या रिळाच्या, दोन्ही बाजूंना हेच बघायचे. देणाऱ्या बाजूला टेप घासली तर गुंडाळीपेक्षा आवाजावर जास्त परिणाम होतो, सूर थरथरतो. बैठक बहुधा ॲलन स्क्रूने दांड्यावर आवळलेली असते. काही मशीनांत खाली पातळ वॉशर असतात. एका वेळी पाव मिलिमीटरच हलवावे आणि पुन्हा पाहावे. ही जुळणी सरळ, चांगल्या रिळावरच करावी. वाकड्या रिळाला जुळवून घेतलेले मशीन बाकी सगळ्या रिळांना बिघडवते. धातूची रिळे वापरायची असतील तर त्यांच्याखाली रबरी चकती किंवा वॉशर घालून उंची भरून काढता येते.

ताण

साध्या मशीनमध्ये रिळाला मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळपास स्थिर असतो. टेपवरचा ताण मात्र टॉर्क भागिले गुंडाळीची त्रिज्या इतका. समजा टॉर्क ३०० ग्रॅम-सेंमी आहे. ३ सेंमी त्रिज्येच्या हबजवळ, म्हणजे रिळाच्या मधल्या गाभ्याजवळ, ताण १०० ग्रॅम मिळतो, सात इंची रीळ भरत आले आणि त्रिज्या ८.५ सेंमी झाली की उरतो सुमारे ३५ ग्रॅम. मोटर थोडी जरी अशक्त असेल तरी बाहेरचे वेढे म्हणूनच सैल पडतात. देणाऱ्या बाजूचा रोधक ताणही (टेपला मागे धरून ठेवणारा) रीळ भरलेले असतानाच सर्वांत कमी असतो. दोन्ही बाजूंना एकाच आकाराची, सारख्या हबची रिळे लावण्याचा आग्रह धरतात तो याच कारणाने. मोठ्या मशीनवर रिळाच्या आकाराचा स्विच असतो. तो विसरून चुकीच्या जागी राहिला असेल तर सात इंची रिळाला साडेदहा इंचीचा ताण बसतो, किंवा उलट. मोटर उघडण्याआधी हा स्विच पाहावा.

मोजण्यासाठी हलका ताणकाटा पुरतो. हबची त्रिज्या माहीत असलेल्या रिळावर दोऱ्याचे काही वेढे द्यावेत आणि टोक काट्याला बांधावे. रोधक ताण मोजताना टेपच्या दिशेने सावकाश, एका गतीने ओढावे. घेणाऱ्या बाजूचा ताण मोजताना मशीन प्लेवर ठेवून काटा हळूहळू रिळाकडे जाऊ द्यावा. थांबलेल्या रिळावरचा आकडा घेऊ नये, त्यात सुरुवातीचे घर्षण मिसळते. काट्यावरचे ग्रॅम गुणिले त्रिज्या म्हणजे टॉर्क. तो त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावा. एकच आकडा सगळ्या मशीनांना लागू होत नाही.

टॉर्क कमी भरला तर तीन मोटरच्या मशीनमध्ये मोटरचा कपॅसिटर आणि ताण ठरवणारा सरकता रेझिस्टर तपासावा. एका मोटरच्या मशीनमध्ये बहुधा सैल पट्टा, गुळगुळीत झालेला आयडलर (गती पुढे देणारे रबरी चाक) किंवा घसरत्या क्लचचा झिजलेला नमदा दोषी असतो. मशीन उघडण्याआधी प्लग काढावा आणि कपॅसिटरमधला विद्युतभार उतरू द्यावा.

ब्रेकही पाहावेत. थांबताना टेप देणारे रीळ घेणाऱ्यापेक्षा जोरात धरले गेले पाहिजे. तसे झाले नाही तर दोन रिळांमध्ये टेपचा सैल झोल पडतो, पुढच्या सुरुवातीला झटका बसतो आणि आतले वेढे घसरतात.

पिंच रोलर आणि गाइड

कॅप्स्टन म्हणजे टेपला ठरावीक वेगाने ओढणारा फिरता दांडा, पिंच रोलर म्हणजे टेप त्यावर दाबणारे रबरी चाक आणि गाइड म्हणजे टेपला वाट दाखवणारे खांब. प्ले दाबताच टेप कॅप्स्टनपाशी वर किंवा खाली उडी घेते का, ते पाहावे. घेत असेल तर रोलर कॅप्स्टनला समांतर नाही, किंवा त्याचे रबर एका बाजूने झिजून चकचकीत झाले आहे. रबर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे. कडक झाले असेल तर धुऊन उपयोग नाही, रोलर बदलावा. धातूचे गाइड आणि कॅप्स्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. गाइडवर साचलेला तपकिरी थरही टेपला वाट चुकवतो. गाइडच्या उंचीचे स्क्रू मात्र अगदी शेवटी, आणि शक्यतो नाहीच. ते हलले की टेप हेडसमोरून वेगळ्या उंचीवर जाते आणि चाचणी टेपशिवाय ट्रॅक पुन्हा जुळवता येत नाहीत.

टेपमधलेच दोष

कापतानाच वक्र झालेली टेप कोणत्याही मशीनवर नीट बसत नाही. मीटरभर टेप ताण न देता काचेवर ठेवली तर धनुष्यासारखी वळलेली दिसते. पातळ टेपही त्रास देते. ५० मायक्रॉनची स्टँडर्ड टेप आणि १८ मायक्रॉनची ट्रिपल प्ले (त्याच रिळावर अधिक लांबी मावणारी पातळ टेप) यांच्या कडांच्या ताठरपणात फार फरक असतो. जुनी ॲसिटेट (त्या प्लास्टिकच्या पट्टीची) टेप आडवी वाकून पन्हळीसारखी होते. रीळ उजेडासमोर धरले की गुंडाळीतून प्रकाश आरपार दिसतो, त्यावरून ती ओळखता येते. चिकट होऊन गाइडवर किंचाळणारी पॉलिस्टर टेप हा वेगळा रोग आहे. ती आधी मध्यम उष्णतेवर वाळवून घ्यावी लागते. ॲसिटेट टेपला हा उपाय कधीही करू नये.

बिघडलेली गुंडाळी

बाहेर आलेले वेढे नखाने किंवा चकत्या दाबून आत ढकलू नयेत, आणि सैल रीळ टोक ओढून घट्ट करू नये. दोन्हींत वेढे एकमेकांवर घासतात. टेप सरळ रिळावर प्लेच्या वेगाने शेवटपर्यंत चालवावी. ३६६ मीटर टेपला सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने ३२ मिनिटे लागतात. मग रिवाइंड न करता शेवटचे टोक बाहेर ठेवून, रीळ खोक्यात उभे ठेवावे. अशा साठवणीत शेजारच्या वेढ्यावर उमटणारा आवाज मूळ आवाजाच्या मागून येतो आणि त्याखाली बराचसा झाकला जातो. पुढच्या वेळी ऐकण्याआधी एकदा रिवाइंड करावे लागेल, ते ऐन वेळी.