माशांवरील ९६ तासांची चाचणी : मृत्यू हाच निकष का राहिला?

कुरकुंभपासून पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात ज्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेले संमतीपत्र एकदा तरी बारकाईने वाचले आहे, त्यांना त्यातील बायोअॅसेची, म्हणजे सजीवांवर सांडपाणी तपासण्याची, अट ठाऊक असते. प्रक्रिया केलेल्या, पण पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत, असे ती सांगते. देशपातळीवरील विसर्ग मानकांतून ती तेथे आली आहे, आणि सांडपाण्याच्या या चाचणीचे भारतीय मानक तर १९७१ पासूनचे आहे. रसायनाच्या नोंदणीसाठी गोड्या पाण्यातील माशांवर होणारी चाचणी याच कुळातील असली, तरी तिचा प्रश्न निराळा आहे. सांडपाण्याचे उत्तर पास किंवा नापास एवढेच असते. रसायनाच्या बाबतीत मात्र निम्मे मासे मरतील अशी संहती (पाण्यातील रसायनाचे प्रमाण), म्हणजे एलसी-५०, अंकात काढावी लागते आणि तो अंक पुढे लेबलवर, सुरक्षा पत्रकात आणि परवान्यात फिरत राहतो.

निम्म्या मृत्यूंचे माप मुळात औषधशास्त्रातील आहे. डिजिटॅलिससारख्या औषधांच्या तुकड्यांची ताकद एकमेकींशी ताडून पाहता यावी, म्हणून १९२७ मध्ये ते मांडले गेले. १९३० च्या दशकात मात्रा आणि मृत्यूंचे प्रमाण यांचे नाते मांडणाऱ्या प्रोबिट या सांख्यिकी पद्धतीने त्याला गणिती पाया मिळाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत कारखान्यांच्या पाण्यासाठी ते माशांवर आले. ९६ तासांच्या मुदतीमागे सोमवारी सुरू केलेली चाचणी शुक्रवारी संपावी ही सोय होती, असे या क्षेत्रात उघडपणे मानले जाते. बऱ्याच विषांचा तीव्र परिणाम तेवढ्या वेळात दिसून जातो, त्यामुळे ती सोय निभावून गेली. सावकाश मारणाऱ्या पदार्थांना मात्र ही मुदत झुकते माप देते, आणि ही त्रुटी चार दशके कागदोपत्री मान्य असूनही मुदत हललेली नाही.

आजची चाचणी ज्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वानुसार होते, ते विकसित देशांच्या एका संघटनेने १९८१ मध्ये स्वीकारले. एका सदस्य देशात ठरलेल्या पद्धतीने मिळवलेली माहिती दुसऱ्याने नाकारू नये, हा करारही त्याच वर्षीचा. १९९२ च्या आवृत्तीने तपशील पक्का केला : किमान पाच संहती, लगतच्या दोन संहतींतील पट शक्यतो २.२ च्या आत, प्रत्येक टाकीत किमान सात मासे, पाण्यातील प्राणवायू संपृक्ततेच्या ६० टक्क्यांहून कमी नाही, आणि रसायन नसलेल्या तुलनेच्या टाकीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त मासे मेले तर चाचणी रद्द. रसायन काचेला चिकटून किंवा उडून जाऊन संहती ठरवलेल्या पातळीच्या ८० टक्क्यांखाली घसरली, तर प्रत्यक्ष मोजलेला आकडाच धरायचा. भारत २०११ मध्ये या परस्पर-स्वीकृतीच्या व्यवस्थेत पूर्णपणे सामील झाला, आणि मान्यताप्राप्त भारतीय प्रयोगशाळेचा अहवाल युरोपातही चालू लागला. पुण्यातील प्रयोगशाळेला त्यासाठी आधी नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढावा लागतो, नाहीतर तुलनेच्या टाकीतच मासे दगावतात. रेनबो ट्राउट हा थंड पाण्यातला मासा येथे चिलरशिवाय टिकत नाही. झेब्रा फिश मूळचा भारतीय उपखंडातलाच, त्यामुळे त्याची निवड आपल्याकडे स्वाभाविक ठरते.

सगळ्यात जास्त खल झाला तो या चाचणीत काय मोजायचे यावर. कल्ल्यांची हालचाल थांबली आहे आणि शेपटीच्या बुडाशी स्पर्श केल्यावर काहीच प्रतिसाद नाही, म्हणजे मासा मेला, असे हे मार्गदर्शक तत्त्व सांगते. व्याख्या इतकी नेमकी आहे की पुणे, बासेल आणि ओसाका येथील निरीक्षकांत त्याबद्दल मतभेद होण्याचे कारण नाही. पण त्या क्षणापूर्वी मासा कित्येक तास कुशीवर पडलेला, रंग काळवंडलेला, पृष्ठभागाशी धापा टाकत असू शकतो. अशा मरणासन्न माशाला तेव्हाच वेदनारहित मरण द्यावे आणि मृतांत मोजावे, हा प्रस्ताव या तत्त्वाच्या २०१९ च्या सुधारणेपूर्वी बराच काळ चर्चेत होता. प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधीचा युरोपीय संघाचा २०१० चा निर्देश तर मृत्यू हा प्रयोगाचा शेवट असणे शक्यतो टाळावे असे स्पष्ट सांगतो.

विरोधकांचे मुद्दे पोकळ नव्हते. भूल आणणाऱ्या पदार्थांत तोल गमावलेला मासा स्वच्छ पाण्यात सोडल्यावर पुन्हा पोहू लागतो, मग त्याला मृत कसे म्हणायचे? रात्री टाकीजवळ कोणी नसते. सकाळी मेलेला मासा दिसतो, त्याची मरणासन्न अवस्था मात्र कोणी पाहिलेली नसते. मोठी भीती तुलनेची होती. मरणासन्न मासे मोजले तर एलसी-५० काही चाचण्यांत खाली येतो, आणि रसायनांच्या विषारीपणाच्या वर्गीकरणाच्या रेषा १, १० व १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशा ठाम असल्याने रेषेलगतचे रसायन एका वर्गातून दुसऱ्यात जाऊ शकते. चार दशकांत जमलेली माहिती मग नव्या आकड्यांशी कशी जुळवायची?

माझ्या मते यातील शेवटचा आक्षेप बाकीच्यांना पुरून उरला, आणि तोच सर्वांत कमकुवत होता. एकाच रसायनाच्या एलसी-५० मध्ये प्रजातीनुसार, पाण्याच्या कठीणपणानुसार आणि प्रयोगशाळेनुसार जो फरक पडतो, तो मान्य करूनच ही माहिती आजवर वापरली गेली आहे. तरीही २०१९ च्या आवृत्तीत मृत्यू हाच निकष राहिला. दृश्य लक्षणांची पद्धतशीर नोंद मात्र सक्तीची झाली, जेणेकरून कोणते लक्षण मृत्यूची खात्रीशीर पूर्वसूचना देते हे पुढे माहितीच्या आधारे ठरवता यावे. निर्णय पुढे ढकलण्याची ही सभ्य रीत झाली, पण नोंदी जमू लागल्या हेही खरे.

दरम्यान मासा वगळण्याचे दोन मार्ग अधिकृत झाले. २०१३ मध्ये झेब्रा फिशच्या भ्रूणांवरील चाचणी स्वीकारली गेली. तिची मुदतही ९६ तासांचीच. अंडे गोठणे, शरीरखंड न बनणे, शेपटी बलकापासून सुटी न होणे आणि हृदयाचे ठोके न दिसणे, ही तिच्यात मृत्यूची चार लक्षणे. स्वतंत्रपणे अन्न घेण्यापूर्वीच्या भ्रूणाला युरोपीय कायदा संरक्षित प्राणी मानत नाही. २०२१ मध्ये रेनबो ट्राउटच्या कल्ल्यांतील पेशींवरील २४ तासांच्या चाचणीलाही मान्यता मिळाली. रसायनाच्या नोंदणीत या पर्यायांचे पुरावे हळूहळू पुढे येत आहेत. संमतीपत्रातील अट मात्र माशांच्या जगण्याच्या टक्केवारीतच लिहिलेली असल्याने, सांडपाण्यासाठी भ्रूण किंवा पेशी वापरायच्या तर आधी त्या अटीचे शब्द बदलावे लागतील.