कोप्रोस : उकिरड्यावरच्या एका शब्दाची पार्श्वभूमी

प्राचीन ग्रीक भाषेतील ‘कोप्रोस’ या शब्दाचा अर्थ शेण, विष्ठा, घाण असा असला, तरी त्याला आरंभापासून खताचाही अर्थ चिकटलेला होता. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या सतराव्या सर्गात नायक ओडिसियसचा म्हातारा कुत्रा आर्गोस दारापुढच्या ज्या ढिगावर गोचिडांनी भरून पडलेला दिसतो, तो बैलांच्या आणि खेचरांच्या शेणाचा असून गडीमाणसे तो पुढे शेतात नेऊन टाकणार आहेत. संस्कृतातील ‘शकृत्’ आणि हा शब्द एकाच मुळातून आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. (‘कोप्रा’चा येथे काही संबंध नाही; तो मल्याळममधून पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेलेला, आपल्या खोबऱ्याच्या गोतावळ्यातला शब्द आहे.)

अथेन्समध्ये मैला गोळा करणाऱ्यास ‘कोप्रोलोगोस’ म्हणत, आणि त्याने तो तटापासून १० स्टाडियांच्या, म्हणजे जवळपास दोन किलोमीटरच्या आत टाकू नये, यावर नगराचे अधिकारी लक्ष ठेवीत. शिवी म्हणूनही शब्द चालला. बायझंटाइन सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन (राज्यकाळ ७४१ ते ७७५) हा धर्मचित्रांच्या पूजेचा कट्टर विरोधक असल्याने, त्याने तान्हेपणी बाप्तिस्म्याचे पाणी घाण केले अशी कथा पसरवून शत्रूंनी त्याला ‘कोप्रोनिमोस’, म्हणजे विष्ठेच्या नावाचा, हे नाव चिकटवले. अंगडे-टोपड्यातल्या अपघाताची शिक्षा सम्राटाला जन्मभर, किंबहुना इतिहासभर, भोगावी लागली.

विज्ञानात या शब्दाला खरी प्रतिष्ठा १८२९ मध्ये मिळाली. इंग्लंडच्या लाइम रेजिस येथील किनाऱ्यावर जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांना इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाच्या सांगाड्यांच्या पोटाच्या भागात काही गुळगुळीत गोटे आढळत, आणि ते फोडले की आत माशांची हाडे व खवले दिसत. ही अश्मीभूत विष्ठा आहे हे ओळखून भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी ‘लिथोस’ म्हणजे दगड हा शब्द जोडून ‘कॉप्रोलाइट’ ही संज्ञा घडवली. पुढे पूर्व इंग्लंडमध्ये फॉस्फेटचे गोटे याच नावाने खणून, दळून, गंधकाम्लाची प्रक्रिया करून खत म्हणून विकले गेले. त्यांतले बहुतेक विष्ठेचे नव्हतेच, पण शब्द मात्र आपल्या जुन्या अर्थाकडे, शेताकडे, परतला.

महाराष्ट्रातही कॉप्रोलाइट सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा येथील, साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या अशा गोट्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच हा समज मागे पडला.