एका नावाची दोन ब्रह्मकमळं

जुलै-ऑगस्टात नागपुरात कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत रात्री दहा-अकराला ‘ब्रह्मकमळ’ उमलतं. शेजारपाजार गोळा होतो, हळदकुंकू वाहिलं जातं, ग्रुपवर फोटो पडतात. सकाळी फुलानं मान टाकलेली असते. हे झाड मुळात मेक्सिकोकडचं निवडुंग. पांढरंशुभ्र, लांब देठनळीचं, रात्री घमघमणारं त्याचं फूल म्हणजे अंधारात उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगाला आवतण. नागपुरात मात्र त्याचा वंश पतंग वाढवत नाही. शेजारीण एक पान मागून नेते आणि कुंडीत खोचते.

खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, सुमारे ३,७०० ते ४,६०० मीटरवरचं. (आपण जेमतेम ३१० मीटरवर.) ते सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याची जांभळी बारीक फुलं फिकट, कागदासारख्या पानांच्या द्रोणात दडलेली असतात. अवचित येणाऱ्या पावसा-बर्फात असा आडोसा मोलाचा.

फुलाचं रूप कीटकांशी बांधलेलं असतं, हे लक्षात आलं ते एका मास्तरांच्या. जर्मनीत श्प्रेंगेल यांनी १७८७ साली रानजिरेनियमच्या पाकळीच्या बुडाशी बारीक केस पाहिले. पावसापासून मध वाचवायला ते असावेत, असा तर्क करून ते फुलांच्या मागेच लागले. १७९३ साली त्यांचा ग्रंथ आला. तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढे दुसरे जर्मन मास्तर, हेरमान म्युलर, आल्प्स चढले. १८८१ साली त्यांनी लिहिलं की वर जावं तशा मधमाश्या विरळ होतात, फुलपाखरं नि माश्या यांचा वाटा वाढतो.

तिथं बंबलबी मात्र टिकून राहते. लाकूड पोखरणारा आपला भुंगा तो हा नव्हे. ही मधमाशीच्याच कुळातली, केसाळ, थंडीत उडण्याचे स्नायू थरथरवून अंग तापवणारी. चीनमधल्या डोंगरातल्या काही बंबलबी एव्हरेस्टच्या माथ्यावरच्याइतक्या विरळ हवेतही पंखांचा झोका रुंदावून तरंगू शकल्या, हे २०१४ साली प्रयोगात दिसलं.

मग गिऱ्हाईक बदललं की फूलही बदलतं का? याचं सगळ्यात नेटकं उत्तर मला कँडेस गेलन या संशोधिकेनं अमेरिकेत, कोलोरॅडोच्या डोंगरात केलेल्या कामात दिसतं. तिथल्या एका निळ्या रानफुलाकडे झाडीच्या सीमेवर (जिथून वर झाडं वाढत नाहीत) मुख्यतः माश्या येतात, त्याहून वर बंबलबी. वरची फुलं रुंद आणि गोड वासाची. खालची लहान आणि कुबट वासाची. गेलन यांनी बंबलबींकडून परागण करवून घेतलं, तर एका पिढीतच फुलं रुंदावली. खाली कुबट वास टिकून आहे तो मुंग्यांमुळे: मध चोरताना त्या फुलाची नासाडी करतात, आणि त्या वासाच्या फुलाकडे फारशा फिरकत नाहीत.