‘तीसचे द्या’ म्हणण्याआधी
(हवेच्या दाबाने खिळे मारणारी एअर गन वापरणाऱ्या मिस्त्रींसाठी, आणि मिस्त्रींनी ‘खिळे घेऊन या’ म्हणून दुकानात पाठवलेल्या घरमालकांसाठी)

गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘गनचे खिळे द्या, तीसचे.’ तीस ही झाली फक्त लांबी. तीस मिलिमीटरचा खिळा एफमध्ये मिळतो, टीमध्ये मिळतो आणि बिनडोक्याच्या पिनमध्येही मिळतो. यातला एकच तुमच्या गनमध्ये चालतो. बाकीचे दोन घरी नेऊन डबा फोडला की डबाही वाया आणि दिवसही. म्हणून आम्ही आधी ‘गन कुठली?’ असं विचारतो. काहींना त्याचा राग येतो, पण हा प्रश्न आम्ही सोडणार नाही.

गनच्या अंगावर किंवा मॅगझिनच्या, म्हणजे खिळे भरायच्या कप्प्याच्या, पट्टीवर नंबर छापलेला असतो. त्यातलं अक्षर म्हणजे खिळ्याची जात आणि आकडा (मोठा असेल तर त्याचे शेवटचे दोन अंक) म्हणजे त्या गनमध्ये बसणारा सगळ्यात लांब खिळा. एफ-३० गनमध्ये १० ते ३० मिमीचे एफ खिळे चालतात, एफ-५० मध्ये त्याच जातीचे ५० मिमीपर्यंत. टी-५० मध्ये २० ते ५० मिमीचे टी खिळे. पी-६३० ही पिनची गन, ३० मिमीपर्यंतची. १०२२ जे ही सोफ्याच्या कापडाची स्टेपल गन आहे, तिच्यात कुठलाच खिळा जात नाही. तरीही दर आठवड्याला कोणीतरी तिच्यासाठी खिळे मागतोच.

आता जाडी. एफ खिळा १८ गेजचा, टी १६ गेजचा, पिन २३ गेजची. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, इथे पुष्कळांची गल्लत होते. एफची तार साधारण १.२५ बाय १ मिमी, टीची १.६ बाय १.४, आणि पिन जेमतेम ०.६ मिमी. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर डोकं बघा. एफचं डोकं २ मिमीच्या आसपास, टीचं जवळजवळ ३, पिनला डोकंच नाही.

चुकीची जात भरली की काय होतं ते एकदा नीट समजून घ्या, कारण गन दुरुस्तीला येण्याचं मोठं कारण हेच आहे. टी खिळे एफच्या गनमध्ये शिरतच नाहीत, त्यामुळे तिथे नुकसान नाही. घोटाळा उलट बाजूने होतो. एफ खिळ्यांची चिकटवलेली पट्टी टीच्या मॅगझिनमध्ये आरामात सरकते आणि बसली असं वाटतं. पण ती आत सैल असते, तिरकी होते. ट्रिगर दाबला की ब्लेड (खिळ्याला आतून धक्का देणारं पातं) खिळ्याच्या डोक्यावर बरोबर मध्यभागी न बसता कडेला घसरतं, किंवा एकाच वेळी दोन खिळे तोंडात ओढले जातात. पहिले दोन-चार खिळे बरे जातातही, म्हणून मिस्त्री चालू ठेवतो. मग एक खिळा नाकात, म्हणजे गनच्या पुढच्या तोंडात, आडवा अडकतो. तो न काढता आणखी दोनदा ट्रिगर दाबला की ब्लेडचं टोक वाकतं किंवा त्याचा टवका उडतो. टवका उडालेलं ब्लेड नंतर बरोबर खिळ्यांनाही नीट मारत नाही, आणि दोष मात्र खिळ्यांच्या नावावर जातो. ‘तुमचे खिळे वाकतात’ अशी तक्रार आली की आम्ही आधी ब्लेडचं टोक बघतो ते याचसाठी. (अडकलेला खिळा काढताना आधी हवेचा पाइप सोडवा. मॅगझिन रिकामं दिसलं तरी नाकात एक खिळा असू शकतो.)

लांबीचा हिशेब सोपा आहे: जी लाकडी पट्टी ठोकायची तिच्या जाडीच्या साधारण तिप्पट ते चौपट खिळा घ्या, पण तो पलीकडून बाहेर येत नाही ना, ते बघा. ६ मिमीची सागवानी पट्टी प्लायच्या कडेला मारायची तर २५. तीच पट्टी १८ मिमी प्लायच्या पृष्ठभागावर मारायची तर दोन्ही मिळून २४, म्हणजे २५ चं टोक बाहेर डोकावणार. तिथे २० घ्या. १२ मिमीच्या स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाच्या पट्टीला) ४० ते ४५. दरवाजाच्या चौकटीवरच्या जाड मोल्डिंगला मात्र टी घ्या, एफवर भागवू नका. अरुंद सागवानी पट्टीच्या टोकाजवळ टी मारला तर ती उभी चिरते. तिथे एफच, आणि टोकापासून वीसेक मिलिमीटर आत. पिन धरून ठेवते ती गोंद सुकेपर्यंतच. गोंद न लावता नुसत्या पिनवर बीडिंग बसवलं तर एका पावसाळ्यात ते उमलतं. आणि प्लायचा बॉक्स फक्त ब्रॅडवर (एफ खिळ्यांवर) उभा करू नका, खिळा गोंदाला दाब देतो, वजन स्क्रूने घ्यायचं.

प्लायच्या कडेत मारताना खिळा बाजूने बाहेर येतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. या खिळ्यांचं टोक छिन्नीसारखं असतं, म्हणून कठीण गाठ लागली की ते गनच्या डाव्या-उजव्या बाजूला वळतं. गन कडेला आडवी धरा, म्हणजे मॅगझिन कडेच्या लांबीशी काटकोनात येऊ द्या. मग खिळा वळलाच तर लांबीतच वळेल. फळी धरलेला हात त्या रेषेत ठेवू नका.

हवेचा दाब पाच किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) सुरू करा आणि टाकाऊ तुकड्यावर दोन खिळे मारून बघा. जुना फणस किंवा ऐन असेल तर डोकं वर राहतं, तेव्हा अर्धा-अर्धा किलो वाढवा. सातच्या वर जाऊ नका. एमडीएफवर उलट, तिथे साडेचारातही डोकं खोल जातं. सात किलोवरही खिळा बसत नसेल तर दाब नाही, खिळा बदलायचा.

आता गंजाचं. मालवण, वेंगुर्ला, देवगड पट्ट्यातून येणाऱ्यांना हे सांगावंच लागतं. साध्या खिळ्यांवर जस्ताचा मुलामा पातळ असतो. बंद खोलीतल्या कपाटाला तो पुरतो, समुद्राकडच्या पडवीत पुरत नाही. शिवाय सागवान आणि ऐनात टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असतं. त्याला ओल मिळाली आणि लोखंड भेटलं की खिळ्याभोवती निळसर काळा डाग पडतो. पॉलिश करून तो झाकला जात नाही. खिडक्या, पडवी, बाहेरचा दरवाजा यांना ३०४ स्टेनलेसचे घ्या, अगदी किनाऱ्यावरच्या घराला ३१६ चे. ते महाग आहेत, आणि थोडे मऊ असल्यामुळे जुन्या फणसात वाकतात. तिथे आधी एक मिलिमीटरचं ड्रिल मारून हाताने ठोकलेलं बरं. सगळ्या घराला स्टेनलेस घ्या असं आम्ही म्हणत नाही. आतल्या कामाला जस्ताचा डबा, बाहेरच्याला स्टेनलेसचा, असे दोन डबे पुरतात.

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला गनने पट्टी मारता येईल का, हेही विचारतात. कॉंक्रीटसाठी एसटीचे कडक खिळे आणि त्यांची वेगळी गन मिळते, आम्ही विकतोही. पण जांभा सच्छिद्र असतो, कुठे मऊ तर कुठे दगडासारखा, आणि वरचा गिलावा खिळ्याच्या धक्क्याने सुटतो. चिऱ्याला ड्रिल मारून गिट्टी (भोकात बसवायचा प्लग) आणि स्क्रूच वापरा. यात आमची गन विकली जात नाही, पण तुमची पट्टी पडत नाही.

फोडलेला डबा आम्ही परत घेत नाही. दमट हवेत उघडी राहिलेली खिळ्यांची पट्टी दोन-तीन आठवड्यांत तांबूस होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गनमध्ये अडकते. सीलबंद डबा बदलून मिळेल. नंबर आठवत नसेल तर येताना गन आणा, गन साइटवर असेल तर जुन्या पट्टीतले चार खिळे खिशात टाकून आणा, नाहीतर मॅगझिनवरच्या नंबरचा फोटो दाखवा. तरीही खात्री नसेल तर आम्ही सुटी पट्टी देतो. ती मारून बघा, मग डबा न्या. उरलेले खिळे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

शेवटी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी. जून ते सप्टेंबर ते रोज संध्याकाळी खालच्या कॉकमधून सोडा, एरवी आठवड्यातून दोनदा. ते हवेबरोबर गनमध्ये गेलं की आतून गंज चढतो. सकाळी काम सुरू करताना हवा येते त्या तोंडात एअर टूल ऑइलचे दोन-तीन थेंब टाका. इंजिन ऑइल किंवा गंज काढायचा स्प्रे नको, त्याने ओ-रिंग (आतल्या रबरी चकत्या) फुगतात आणि ट्रिगरमधून हवा सुटायला लागते. तेलाच्या छोट्या बाटल्या खिळ्यांच्या कप्प्याखालीच ठेवल्या आहेत.